केसानं गळा

अमडापूरच्या शिवारातलं पीक दोन वाटांनी जाऊ शकतं. एक वाट आभाळाची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीनं झोडपून काढलं, उभा गहू आणि हरभरा आडवा झाला. लोकांनी कपाळाला हात लावला, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे खेपा घातल्या, सरकारला चार शिव्या दिल्या आणि मृगाला पुन्हा पेरणी केली.

दुसरी वाट ओळखीच्या माणसाच्या गाडीतून जाते. अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचं, चिखली तालुक्यातलं गाव. बाजार समिती दोन्ही बाजूंना आहे. तरीही माल तिथवर न्यायचा तर भाडं, हमाली, रांग आणि एक अख्खा दिवस. अशा गावात खळ्यावर येऊन माल उचलणारा खासगी व्यापारी सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. तो गावातलाच, नाहीतर शेजारच्या गावचा असतो. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेला असतो, त्याच्या वडिलांशीही आपल्या घराचा व्यवहार झालेला असतो. पहिल्या वर्षी बाजारापेक्षा शंभर रुपये जास्त देतो, तेही रोख. दुसऱ्या वर्षी आठ दिवसांनी देतो. तिसऱ्या वर्षी वहीचं पान फाडून त्यावर कट्टे, वजन आणि भाव लिहितो, खाली सही ठोकतो आणि म्हणतो, "काका, पैसे कुठं पळून चालले का? भाव चढला की चढत्या भावानं देतो." मग दिवाळी जाते, संक्रांत जाते. एके सकाळी फोन बंद लागतो. घराला कुलूप असतं आणि बायकापोरं आठवड्यापूर्वीच गेल्याचं शेजारी सांगतात. अशी प्रकरणं विदर्भात अधूनमधून पोलिसांपर्यंत जातात. बरीचशी जातही नाहीत.

दोन्ही वाटांनी गेलेली रक्कम सारखीच धरा. गारपिटीनंतर माणूस पारावर बसून तासभर बोलतो. व्यापाऱ्यानं बुडवल्यावर मात्र तोच माणूस पारावरून जायचं टाळतो, जेवताना मध्येच थांबतो, रात्री उठून ती चिठ्ठी पुन्हा वाचतो. इथला विषय हा फरक आहे.

हा फरक प्रयोगात मोजून झाला आहे. अर्थतज्ज्ञ आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 2004 मध्ये एक साधा खेळ मांडला. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिल्यात तुम्हाला आणि समोरच्याला प्रत्येकी 10 गुण नक्की मिळतात. दुसऱ्यात जोखीम आहे: चांगलं झालं तर दोघांनाही 15, वाईट झालं तर तुमच्या पदरात 8 आणि समोरच्याच्या पदरात 22. चांगलं होण्याची शक्यता निदान किती असेल तर जोखीम घ्याल, एवढाच प्रश्न. निकाल नशिबावर सोडला तेव्हा लोक कमी शक्यतेवरही तयार झाले. निकाल समोरच्या माणसाच्या मर्जीवर आहे म्हटल्यावर त्याच लाभासाठी त्यांनी जास्त खात्री मागितली. पुढे ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका अशा सहा देशांत हाच खेळ झाला, तिथेही हेच दिसलं. हाती 8 च पडणार असले तरी ते नशिबानं पडणं वेगळं आणि माणसानं पाडणं वेगळं. या दुसऱ्याची भीती इतकी खोल आहे की तिच्यापायी आपण फायदाही सोडतो.

कायद्यालाही हे कळतं. 1860 च्या भारतीय दंडविधानात साध्या चोरीला कमाल 3 वर्षांची शिक्षा होती. सोपवलेल्या मालाचा अपहार म्हणजे न्यासभंग. तो कारकुनानं किंवा नोकरानं केला तर 7 वर्षं, आणि लोकसेवक, बँकवाला, व्यापारी किंवा दलालानं केला तर जन्मठेपेपर्यंत. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा चढता क्रम टिकून आहे. ज्याच्यावर भिस्त जास्त, त्याचा गुन्हा मोठा, हे दंडविधानाचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळापासून कायद्याच्या पुस्तकात आहे. गावात मात्र उलट चालतं. घरफोडी झालेल्याला सहानुभूती मिळते आणि विश्वासानं फसलेल्याला अक्कल शिकवली जाते.

असा घाव बसल्यावर आत नेमकं काय होतं? स्टॅनली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं 2010 मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. गुपित फोडणं, साथ सोडणं, व्यभिचार आणि अप्रामाणिकपणा हे त्यानं विश्वासघाताचे मुख्य प्रकार मानले. परिणाम म्हणून त्यानं धक्का, शोक, तेच तेच उगाळत राहणं, संताप, स्वतःची किंमत स्वतःच्याच नजरेत उतरणं आणि स्वतःविषयीची शंका यांची नोंद केली. काहींच्या मनात मळल्याची भावना घर करते. अंगाला काहीही लागलेलं नसताना हात पुन्हा पुन्हा धुवावेसे वाटतात. त्या माणसाची आठवण झाली तरी घाण वाटते.

या यादीतली शेवटची गोष्ट, स्वतःविषयीची शंका, मला सगळ्यात घातक वाटते. राग समोरच्यावर असतो, तो कधीतरी ओसरतो. शंका आपल्याच डोळ्यांवर असते. मी माणूस ओळखू शकत नाही, हे एकदा मनात बसलं की त्याची झळ त्या एका व्यापाऱ्यापुरती राहत नाही. मुलीसाठी आलेलं स्थळ, भावानं मागितलेले हातउसने, डॉक्टरनं सांगितलेली शस्त्रक्रिया, सगळीकडे माणूस अडखळतो. शिवाय मागचाही हिशोब पुन्हा उघडतो. त्या वर्षी तो घरी जेवायला आला होता, तेव्हाच त्याच्या मनात होतं का? आईच्या तेराव्याला आला होता, तेव्हाही? गारपीट एक हंगाम नेते. हा माणूस मागची दहा वर्षं नेतो, कारण त्या दहा वर्षांतली एकही आठवण आता जागेवर राहत नाही.

मग ओघानं तोच प्रश्न येतो, जो घरचे, शेजारचे आणि ठाण्यातला हवालदारही विचारतो: "तुला कळलं कसं नाही?"

याचं सगळ्यात पटणारं उत्तर अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जेनिफर फ्रायड यांनी 1990 च्या दशकात दिलं. त्यांचं त्यावरचं पुस्तक 1996 चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फसवणूक ओळखायला माणूस चांगलाच तरबेज असतो, आणि ती कळली की तो सहसा दूर होतो. पण ज्याच्यावर आपलं जगणंच अवलंबून आहे, त्याच्यापासून दूर होता येत नाही. अशा वेळी न कळणं हाच जगण्याचा मार्ग होतो. लहान मूल बापाचा अत्याचार ओळखून बापापासून दूर जाऊ शकत नाही, कारण दुधाची वाटीही बापाच्याच घरातली असते. म्हणून ते त्या गोष्टीकडे पाठ करतं. अशा आठवणी पुरत्या पुसल्या जातात का, यावर मानसशास्त्रात मोठं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. पण अवलंबून असलेला माणूस दिसतं तेही पाहत नाही, हा भाग रोजच्या जगण्यात तपासून पाहता येतो.

एखाद्या घरात रात्री नवऱ्याचा फोन उशाशी उजळतो. बायको दोन ओळी वाचते आणि फोन पालथा घालून कूस बदलते. सकाळी डबा नेहमीसारखाच भरते. तिला कळलेलं असतं आणि नसतंही. पुरतं कळलं तर प्रश्न येतील: माहेरी भावजयीच्या राज्यात किती दिवस काढणार, पोरांच्या शाळेचं काय, सात-बारावर आपलं नाव कुठे आहे? या प्रश्नांना ज्या दिवशी उत्तरं मिळतील, त्या दिवशी तिला सगळंच्या सगळं "अचानक" दिसेल. लोक म्हणतील, इतकी वर्षं झोपली होती का? शेतकऱ्याचंही तसंच असतं. तिसऱ्या वर्षीची कच्ची चिठ्ठी त्याला खटकलेली असते. पण खत-बियाण्याची उधारीही त्याच व्यापाऱ्याकडे असते, मुलाच्या फीसाठी त्यानंच पैसे दिलेले असतात. संशय घेणं परवडत नाही, म्हणून तो संशय घेत नाही. याला मूर्खपणा म्हणणं मला मान्य नाही. पर्याय नसलेल्या माणसाचा तो हिशोब असतो, फक्त तो मनाच्या आतल्या खोलीत होतो.

लहान मुलांबाबत तर हे फार गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीवाला, आईचा मानलेला भाऊ. आपण मुलांना अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको असं बजावतो आणि ओळखीच्यांना गालगुच्चे घेऊ देतो. मूल बोललं नाही याचं कारण पुष्कळदा फ्रायड सांगतात तेच असतं. बोललं तर घर हातचं जाईल, हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

विश्वासघाताची झळ ज्याचा घात झाला त्याच्यापाशी थांबत नाही. याचा मोठा दाखला अमडापूरच्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, सिंदखेडराजाचा. लखुजी जाधवराव हे तिथले, जिजाबाईंचे वडील. निजामशाहीतले बडे सरदार. 1620 च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोगलांकडे गेले, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर वारल्यानंतर पुन्हा तिच्याकडे वळले. निजामशहानं त्यांना दौलताबादच्या दरबारात बोलावलं. 25 जुलै 1629 ला तिथे मुजऱ्याला गेलेल्या लखुजींना, त्यांच्या अचलोजी आणि रघुजी या दोन मुलांना आणि यशवंतराव या नातवाला दरबारातच कापून काढलं. एका घराच्या तीन पिढ्या एका जागी संपल्या.

लखुजींनी स्वतः बाजू बदलली होती, तेव्हा सुलतानाच्या लेखी दगाबाज तेच होते, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. दरबारात बोलावून मारणं आणि रणात मारणं यातला फरक त्या काळच्या प्रत्येक सरदाराला कळत होता. त्यांनी काय केलं ते पाहा. उरलेले जाधव मोगलांकडे गेले. शहाजीराजांनी निजामशाही सोडली. खरं तर सासऱ्या-जावयात गोडी मुळीच नव्हती. बिथरलेल्या हत्तीवरून उसळलेल्या दंग्यात जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले होते, लखुजींचा मुलगा दत्ताजी आणि शहाजींचा चुलतभाऊ संभाजी त्यात मेले होते. ज्या सासऱ्याशी हाडवैर, त्याच्या खुनानंतर जावई धन्याला सोडतो. ही माया नव्हती. आज त्यांना, उद्या मला, एवढा साधा हिशोब होता. पुढे खुद्द निजामशहाला त्याच्या वजिरानं, मलिक अंबरच्या मुलानं, फत्तेखानानं कैद करून संपवलं. 1633 मध्ये दौलताबाद पडलं आणि 1636 मध्ये निजामशाही बुडाली. तिच्या बुडण्याची कारणं अनेक, मोगलांचा रेटा हे सगळ्यात मोठं. पण दरबारात बोलावणं आलं की निर्धास्त जावं, हा भरवसा 1629 मध्येच मेला होता.

वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 ला, शिवनेरीवर शिवाजी जन्मला. त्या दिवसांतलं जिजाबाईंचं मन कादंबऱ्यांनी भरपूर रंगवलं आहे. कागदपत्रं मात्र माणसं पुढे काय करती झाली एवढंच सांगतात, आणि मला तेवढं पुरेसं बोलकं वाटतं.

आजच्या काळात दरबाराची जागा बँक, पतसंस्था, शाळा आणि रुग्णालय यांनी घेतली आहे. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवली. बँकेनं एकाच बांधकाम समूहाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज दिलं होतं आणि ते लपवायला 21,000 हून अधिक बनावट खाती दाखवली होती. मुंबईत शाखांच्या दारात निवृत्त माणसं उभी राहिली, काही खातेदारांचा या काळात मृत्यू झाला. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण तेव्हा 1 लाखाचं होतं, फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 लाख झालं. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना उरलेली रक्कम वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी मिळेल असं ठरलं.

शेअर बाजारात पैसे बुडालेला माणूस आणि बँकेत बुडालेला माणूस यांच्या बोलण्यातला फरक ऐका. पहिला म्हणतो, माझी हाव नडली. दुसरा म्हणतो, मी काय चुकलो होतो? त्यानं जोखीम टाळायचाच निर्णय घेतला होता आणि नेमका तोच निर्णय त्याच्यावर उलटला. फ्रायड आणि त्यांच्या सहकारी कार्ली स्मिथ यांनी 2013 मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. ज्यांच्या संस्थेनं तक्रार दाबली, टाळाटाळ केली किंवा घडलेलं मानलंच नाही, त्यांच्यात चिंता आणि आघाताची इतर लक्षणं अधिक दिसली. मूळ घटना एक, आणि त्यावर संस्थेनं पाठ फिरवणं हा दुसरा घाव.

याच फ्रायड यांनी 1997 मध्ये दगा देणाऱ्याची रीतही मांडली: आधी नाकारायचं, मग समोरच्यावर तुटून पडायचं, शेवटी आपणच बळी असल्याचा आव आणायचा. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. पण म्हणीत चोर उघडा पडलेला असतो, प्रत्यक्षात त्या बोंबा फार परिणाम करतात. "माझ्यावर संशय घेतलास? इतक्या वर्षांच्या संबंधांचं हेच फळ?" हे ऐकल्यावर फसलेलाच माफी मागून परत येतो. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर ती तुमच्या स्वभावातली खोट समजू नका. ही युक्ती जगभर वापरतात, कारण ती चालते.

मग यातून माणूस सावरतो कसा? "झालं गेलं विसरून जा" हा सल्ला मी बाद करतो. क्षमेचंही तेच. क्षमा ज्याला साधते त्याला हलकं वाटतं हे खरं, पण ती मागून मिळत नाही आणि मोठ्यांनी मध्ये बसून करायला लावली तर तिचा विटाळच होतो. शिवाय क्षमा करणं आणि पुन्हा संबंध ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला मनातून सोडून द्यावं आणि तरी त्याला पुन्हा कधी उधार देऊ नये, यात काही विसंगती नाही.

कामाला येतं ते कमी देखणं आहे. घडलेलं तारखेनिशी कागदावर उतरवणं. त्यातून पैसे परत येतील तेव्हा येतील, पण "सगळं माझंच चुकलं" हे वाक्य त्या कागदापुढे टिकत नाही. कधी काय माहीत होतं आणि कधी नव्हतं हे समोर दिसतं. दुसरं, भरवसा पुन्हा लहान रकमेपासून सुरू करणं. दहा कट्टे आधी, पैसे हातात, मग पुढचे दहा. अफजलखानानं शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला भेटीला बोलावून मारल्याचं ठाऊक असूनही 10 नोव्हेंबर 1659 ला शिवाजीमहाराज प्रतापगडाखाली भेटीला गेलेच, पण अंगरख्याखाली चिलखत घालून गेले. लखुजींच्या मृत्यूशी याची थेट सांगड घालायचा मोह मी आवरतो, खानाची ख्याती पुरेशी होती. मला त्यात घ्यावंसं वाटतं ते इतकंच, की सावध माणूसही भेट टाळत नाही. सगळ्यांवरच अविश्वास धरणारा माणूस सुरक्षित होत नाही, एकटा पडतो. आणि एकटा माणूस पुढच्या गोड बोलणाऱ्याच्या हाती फार सहज लागतो.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्यांच्या हातात आहे आणि तिच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी असं फसलं असेल तर "कळलं कसं नाही" हा प्रश्न निदान पहिल्या महिन्यात विचारू नका. त्याऐवजी चिठ्ठ्या, बँकेचे उतारे, फोनवरचे निरोप गोळा करायला बसा, आणि ठाण्यात जायचं तर सोबत जा. अमडापूरला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यासाठी चिखली गाठावी लागत नाही. एकट्या माणसाची तक्रार तोंडी ऐकून परत पाठवली जाते, चार माणसांची लिहून घेतली जाते.

आणि झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगून काय उपयोग असं तो माणूस बोलू लागला असेल, तर उद्यावर टाकू नका. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात बुलढाणा आहे, गावच्या आशाताईंना त्याची माहिती असते. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.